यमूमावशीचा पिसारा

एका जंगलात मोरांची एक सभा होती आणि त्या सभेत कुणालाही बोलायला बंदी नव्हती. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण गोष्ट ऐकताना तुमचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

नियम एकच होता. ज्याला बोलायचं असेल त्याने उभं राहून पिसारा फुलवायचा. पिसारा उभा आहे तोवर बोलायचं. तोवर बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही आणि जागा सोडायची नाही. पिसारा खाली आला की भाषण संपलं. हा नियम मोरांना आणि लांडोरींना अगदी सारखा लागू होता.

लांडोरींना पिसारा नसतो. पण त्याला सभा काय करणार?

सभेचे अध्यक्ष नीळकंठराव नावाचे मोर होते. त्यांचा पिसारा जंगलात सगळ्यात मोठा होता. त्यांना काय म्हणायचं आहे हे कधी कुणाला आठवत नसे, पण ते किती वेळ म्हणत होते हे सगळ्यांना आठवे.

जंगलात शाळाही होती. शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर साळिंदरबाई येत. मोठ्या होत चाललेल्या पिल्लांना त्या शरीरातल्या बदलांविषयी सांगत. शरीरात काही रस तयार होतात, त्यांना संप्रेरकं म्हणतात, ती रक्तातून फिरतात आणि रंग, आवाज, भूक, राग, माया अशा पुष्कळ गोष्टींत लुडबुड करतात, असं ते व्याख्यान होतं. ते सगळ्या पिल्लांसाठी होतं. पण मुख्याध्यापक बगळे सरांना या विषयाचा फार संकोच वाटे. ते वर्गात येत, दोनदा खाकरत आणि म्हणत, "मुलींनी थांबा. मुलांनी मैदानावर जा." मग स्वतःही मैदानावर जात.

असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यामुळे मोरांची अशी समजूत झाली की संप्रेरकं फक्त लांडोरींना असतात. मोरांना स्वभाव असतो.

विणीचा हंगाम आला की मोर पहाटेपासून ओरडत. एकमेकांच्या अंगावर धावून जात. भाऊसाहेब तुरेवाले म्हणून एक मोर होते, ते तर तळ्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत. "हा कोण उपटसुंभ आमच्या हद्दीत?" असं म्हणून चोच मारत आणि मग ओले होऊन परत येत. त्याला सगळे भाऊसाहेबांचा करारी स्वभाव म्हणत.

त्याच हंगामात लांडोरी अंड्यांवर बसत. ऊन असो, पाऊस असो, हलत नसत. जेमतेम खायला उठत. त्याला सगळे संप्रेरकं म्हणत.

आता या जंगलातली अडचण सांगते.

लांडोरी अंडी घालत त्या जागेला वाळूपट्टी म्हणत. ती नदीच्या अगदी काठाला होती. ती का निवडली होती? कारण नाचाचं मैदान तिच्या समोर होतं. वाळूपट्टीवरून नाच छान दिसे. पावसाळ्यात नदी चढली की ती वाळूपट्टीवर येई आणि अंडी घेऊन जाई. मागे थोडी उरत. त्यांतून जी पिल्लं निघत त्यांना जंगल म्हणे नशीबवान.

यमूमावशी नावाची एक लांडोर होती. तिच्या डोळ्यांदेखत नदीने पुष्कळ अंडी नेली होती. त्यांत तिची स्वतःचीही होती. नदी किती चढते आणि कुठे थांबते हे तिने बघून ठेवलं होतं. मागे एक टेकाड होतं. त्यावर करवंदीच्या दाट जाळ्या होत्या. तिथे पाणी कधीच जात नसे.

दरवर्षी सभेत ती उभी राही. आपली आखूड शेपटी जमेल तेवढी वर करी आणि म्हणे, "घरटी टेकाडावर न्या. नदी वाळूपट्टीवर येते."

नीळकंठराव सभेवरून नजर फिरवत. "कुणाला काही बोलायचं आहे का?" ते विचारत.

"मी बोलतेय," यमूमावशी म्हणे.

"कुणाला काही बोलायचं नसेल तर पुढचा विषय घेऊ."

सभा संपल्यावर मात्र ते आपण होऊन तिच्याजवळ येत. ते मनाने वाईट नव्हते. "मावशी, तुम्हाला काळजी वाटते, ते आम्ही समजू शकतो," ते म्हणत. "पण ही काळजी तुमची नाही. ती संप्रेरकं आहेत. हंगाम सरला की बरं वाटेल."

हंगाम सरला की खरंच काळजी करण्यासारखं काही उरत नसे.

यमूमावशीची एक भाची होती, रेवू. ती पहिल्यांदा आई होणार होती तेव्हा तिची अंडी नदीने नेली. दुसऱ्या वर्षी तिने कुणाला न विचारता टेकाडावर घरटं केलं. मोरांनी तिला जाताना पाहिलं. एकटी लांडोर एवढ्या लांब, म्हणून ते तिच्या रखवालीला गेले. रखवाली म्हणजे त्यांनी तिच्या जाळीभोवती गोल करून पिसारे फुलवले आणि दिवसभर केकाटले. पलीकडच्या खोऱ्यातल्या कोल्ह्यालासुद्धा कळलं की इथे काहीतरी आहे. तो आला तेव्हा रखवालदार झाडावर बसले. रेवूची अंडी कोल्ह्याने खाल्ली.

"बघ," भाऊसाहेब तुरेवाले तिला म्हणाले, "आम्ही होतो म्हणून तू वाचलीस."

रेवूने जाळीतली फुटकी टरफलं गोळा केली.

त्याच वर्षी यमूमावशीच्या अंगात बदल व्हायला लागला. तिची अंडी बंद झाली होतीच. आता पिसं झडण्याच्या दिवसांत तिची तपकिरी पिसं झडली आणि त्या जागी नवीन आली, ती निळी. मग मानेवर हिरवी झाक आली. मग शेपटीच्या वर लांब पिसं फुटायला लागली, आणि त्यांना डोळे होते.

लांडोरींमध्ये कुजबुज झाली. "या वयात हे काय," एक म्हणाली. "अगं, झाकून तरी ठेव," दुसरी म्हणाली. पण पिसारा झाकायचा कशाने? ती पालापाचोळ्यात बसली तरी लांबून दिसे.

शेवटी रेवू तिला डॉक्टर साळिंदरबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पंख उचलून पाहिले.

"कुठलं औषध घेतलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरोबर आहे. उलट तुझं औषध बंद झालंय."

"म्हणजे?"

"तुझ्या पोटात डाव्या बाजूला अंडाशय आहे. तिथे एक रस तयार व्हायचा. तो थांबला. वय झालं की होतं कुणाकुणाचं असं. तो रस पिसाऱ्याला म्हणायचा, थांब, उगवू नकोस. आता तसं म्हणणारं कुणी राहिलं नाही, म्हणून उगवला."

"म्हणजे पिसारा आधीपासून होता?" रेवूने विचारलं.

"पिसारा उगवायची तयारी सगळ्यांच्या अंगात असते. लांडोरीचा रस ती थोपवून धरतो आणि तिला तपकिरी ठेवतो. अंड्यांवर बसणारी दिसली तर मेली. तपकिरी रंग हे त्या रसाचं काम आहे, आणि फार नाजूक काम आहे."

"मग नीळकंठरावांचा पिसारा?"

"त्यांना कुणी थोपवलं नाही, एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. "तब्येत कशी आहे तुझी, यमू?"

"बरी आहे. अंड्यांवर बसावंसं वाटत नाही आता. आवाज जरा घोगरा झालाय."

"आणि नदीचं काय वाटतं?"

यमूमावशीने विचार केला. "तेच वाटतं," ती म्हणाली. "नदी कुठवर येते हे मला रसाने सांगितलं नव्हतं. मी पाहिलं होतं."

नवा हंगाम आला. रेवू पुन्हा अंडी घालणार होती. ती म्हणाली, "मावशी, या वर्षीही गेली तर मी पुन्हा घरटं करणार नाही. माझ्याने नाही होणार." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं.

यमूमावशी सभेला गेली. उभी राहिली आणि तिने पिसारा फुलवला. मुलांनो, पिसारा फार जड असतो. वारा आला तर मागे ओढतो. पण तो उभा राहिला, आणि सभा गप्प झाली.

"आपण?" नीळकंठरावांनी अदबीने विचारलं.

"मी यमू."

नीळकंठरावांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी पिसाऱ्याकडे पाहिलं. "बोला, यमाजीराव," नीळकंठराव म्हणाले.

"घरटी टेकाडावर न्या. नदी वाळूपट्टीवर येते," यमूमावशी म्हणाली आणि पिसारा खाली घेतला.

सगळीकडून वाहवा झाली. इतक्या थोड्या शब्दांत इतका खोल विचार सभेने आजवर ऐकला नव्हता.

"आश्चर्य आहे," एक मोर म्हणाला, "इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?"

"मी दरवर्षी सांगत होते," यमूमावशी म्हणाली.

"तेच म्हणतो मी," भाऊसाहेब म्हणाले. "मला तेव्हाच वाटायचं, ही लांडोर इतकं नेमकं बोलते कशी. आता उलगडा झाला. आत मोर होता."

डॉक्टर साळिंदरबाई तिथेच होत्या. त्या समजावून सांगायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले काटे फुलवले. काटे पिसाऱ्यात धरायचे की नाही यावर चर्चा झाली. निर्णय पुढे ढकलण्यात आला. डॉक्टर बसल्या.

ठराव मात्र एकमताने मंजूर झाला. यमूमावशीला वाटलं, संपलं.

"आता अंमलबजावणी," नीळकंठराव म्हणाले. "सर्वांत आधी नाचाचं मैदान टेकाडावर हलवू. त्यासाठी करवंदीच्या जाळ्या काढाव्या लागतील."

"जाळ्या कशाला काढायच्या?" यमूमावशीने विचारलं. "जाळ्यांसाठीच तर तिथे जायचं आहे."

"यमाजीराव, मैदान तिथे नसेल तर लांडोरी तिथे करणार काय?"

"अंडी घालतील."

"ते झालंच. पण बघतील काय?"

यमूमावशीने पुन्हा तोंड उघडलं. पण तिचा पिसारा खाली होता. जाळ्या काढायचं काम दुसऱ्या दिवशी सभा आटोपली की सुरू करायचं ठरलं.

ती रेवूकडे आली. "मोर नसताना तुम्ही जाळीत शिरलात, तर कुणाला सापडाल का?"

"एकदा आत बसल्यावर मी तुलासुद्धा सापडणार नाही," रेवू म्हणाली. "पण मोर असतातच की सगळीकडे. मागच्या वेळी चार पावलं गेले नाही तोच रखवाली सुरू झाली. आणि आता तर जाळ्याच काढणार."

"उद्या सभा आहे. मी बोलायला उभी राहीन. पिसारा उभा असेपर्यंत एकालाही जागा सोडता येत नाही. तुम्ही सभेला येऊ नका, सगळ्या निघा. घोळका करून नका जाऊ, सुट्या सुट्या जा. ज्या जाळीत लांडोर बसली आहे तिला हात लावू देऊ नका. चोच आहे ना तुम्हाला?"

"आहे. आणि तू?"

"मी कशी येऊ? मी आले तर सगळ्यांना दिसेन."

रेवूने तिच्या निळ्या मानेकडे पाहिलं. मग ती दुसरीकडे पाहू लागली. "किती वेळ उभा धरशील तो?" तिने विचारलं.

"बघू."

दुसऱ्या दिवशी यमूमावशीने सभेत पिसारा फुलवला. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. पुष्कळ वेळ पुरेल असं तिला एकच भाषण पाठ होतं. ते तिने शाळेत ऐकलं होतं, आणि पुढे मुलींना आणि भाच्यांना समजावून सांगितलं होतं.

"आपल्या शरीरात काही रस तयार होतात," तिने सुरुवात केली.

मोर एकमेकांकडे पाहू लागले. काही जणांनी खाली पाहिलं. बगळे सर पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी खाकरून बघितलं. पण पिसारा उभा होता. कुणाला मैदानावर जाता येईना.

यमूमावशी सांगत गेली. अंड्यात असताना सुरुवातीला आपण सगळे सारखेच दिसतो. मग कुणात एक रस जास्त होतो, कुणात दुसरा. वयात येताना ते वाढतात. लांडोरीचा रस तिला तपकिरी ठेवतो. मोरालाही त्याचा रस असतो.

"मोराला?" भाऊसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना नियम आठवला आणि ते गप्प झाले.

"पहाटे ओरडावंसं वाटतं ना, ते त्याच्यामुळे," यमूमावशी म्हणाली. "पिसारा उभा करून थरथरत राहावंसं वाटतं, तेही. तळ्यातला मोर आपला वैरी आहे असं वाटतं, तेही. हंगाम संपला की तो रस उतरतो. म्हणून तेव्हा भाऊसाहेब तळ्यावर नुसते पाणी पितात."

भाऊसाहेब ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी विचार केल्यासारखं दिसलं.

"यात लाजायचं काही नाही," ती म्हणाली. "रस ढकलतो. लांडोरींनाही ढकलतो, मोरांनाही. पण डोळे मिटायला तो कुणालाच सांगत नाही."

ऊन डोक्यावर आलं. वारा सुटला आणि पिसारा मागे जाऊ लागला. तिने पंजे जमिनीत रोवले. टेकाडाच्या वाटेवर अजून लांडोरी दिसत होत्या. तिने भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पहिल्यांदा कुणी नीट ऐकलं नव्हतं. दुसऱ्यांदा थोड्यांनी ऐकलं.

वाटेवरची शेवटची लांडोर जाळीत शिरली तेव्हा पिसारा आपोआपच खाली आला. यमूमावशी बसली, ती बराच वेळ उठू शकली नाही.

मोर टेकाडावर गेले. त्यांना लांडोरी दिसल्या नाहीत. जाळी ओढायला जावं तर आतून कुणीतरी कडकडून चोच मारी आणि कोण ते कळत नसे. टेकाडावर काहीतरी विषारी आहे असा निष्कर्ष काढून ते खाली परतले आणि रिकाम्या वाळूपट्टीसमोर नाचत राहिले.

पुढे नदी चढली. ती वाळूपट्टीवर आली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हात हलवत परत गेली.

काही आठवड्यांनी लांडोरी टेकाडावरून उतरल्या. प्रत्येकीमागे पिल्लं होती. इतकी पिल्लं जंगलाने कधी पाहिली नव्हती. रेवूची चार होती. सगळी एकसारखी, मातीच्या रंगाची. नीळकंठराव पाहायला आले.

"यांत मोर कुठला?" त्यांनी विचारलं.

"अजून कळत नाही," रेवू म्हणाली.

"मग यांच्याशी बोलायचं तरी कसं?" नीळकंठराव म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

सभेने यमाजीरावांचा सत्कार ठेवला. टेकाडाचा निर्णय हा सभेच्या दूरदृष्टीचा विजय आहे असं नीळकंठराव बराच वेळ म्हणाले. शेवटी यमूमावशीला दोन शब्द बोलायची विनंती झाली. तिने पिसारा फुलवला.

"एक ठराव आहे," ती म्हणाली. "यापुढे पिसारा नसला तरी बोलू द्यावं."

सभा विचारात पडली. पुष्कळ मोरांना ठराव पटला. भाऊसाहेबांना तर फारच पटला. ते म्हणाले की त्या भाषणानंतर आपण तळ्यातल्या मोराशी बोलणं सुरू केलं आहे आणि तो ऐकून घेतो.

नीळकंठराव उठले. "ठराव उत्तम आहे," ते म्हणाले. "पण यमाजीराव, हा प्रश्न लांडोरींचा आहे. त्यांच्या वतीने आपण मोरांनी बोलावं, हे मला प्रशस्त वाटत नाही. तो त्यांनी स्वतः सभेत उभं राहून मांडावा. आम्ही वाट पाहू."

सगळ्या मोरांना हा विचार फार पुढारलेला वाटला.

तात्पर्य: खरं सांगण्याची घाई करू नये. आधी पिसं येऊ द्यावीत. ती येणारच नसतील, तर खरं सांगण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. आणि वाहून गेलेल्या अंड्यांची तर ती कुणावरच नसते.